गाठ आतल्या बाजूला

जखमी सैनिकांसाठी आपल्या शाळेत गोधड्या शिवल्या गेल्या, त्या कामाची नोंद या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत असायलाच हवी, असे मनापासून वाटल्यामुळे मी हे मनोगत त्या एकाच विषयाला वाहिले आहे. मैदानावरचे विजय आणि स्नेहसंमेलने यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच.

मूळ कल्पना आमच्या शिवणाच्या बाईंची. लष्करी रुग्णालयातील जखमींना शुभेच्छापत्रे पाठवू, असे आम्ही म्हणताच बाई म्हणाल्या की, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंगावर घ्यायला काहीतरी द्यावे. प्रत्येकाने एक चौकोन शिवायचा आणि सगळ्यांचे चौकोन जोडून गोधडी करायची, असे ठरले. मुलामुलींनी सारखीच सुई हाती धरली.

कामाची सुरुवात मात्र पाण्याच्या बादलीने झाली. गोळा झालेले प्रत्येक सुती कापड बाईंनी आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन वाळवायला लावले. रुग्णालयातील पांघरुणे वारंवार कढत पाण्यात धुवावी लागतात; कोरे कापड तसेच वापरले, तर एक चौकोन आटतो, शेजारचा आटत नाही आणि सगळी गोधडी आखडते, शिवाय कच्चा रंग लगतच्या कापडावर उतरतो. ओले कापड पांढऱ्या रुमालावर घासून रंग सुटतो का, हे पाहण्याचे काम माझ्याकडे होते. गडद लाल रंगाची कितीतरी देखणी कापडे मला बाजूला काढावी लागली.

टाक्यांच्या बाबतीत बाई कमालीच्या काटेकोर होत्या. दोऱ्याची गाठ वर राहिलेली त्यांना मुळीच चालत नसे. सुई वरच्या कापडातून घालून दोरा हलकेच ओढला, की गाठ आत कापसाच्या थरात जाऊन बसते. मग ती दिसतही नाही आणि टोचतही नाही. अंगाखाली गाठ आली तर धडधाकट माणूस कूस बदलतो, पण ज्याचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला आहे त्याला तेवढीही मुभा नसते, हे त्यांनी एकदाच सांगितले आणि त्यानंतर टाके उसवायला लागले म्हणून वर्गात कोणी कुरकुर केली नाही. तपासताना त्या डोळे मिटून सबंध गोधडीवरून तळहात फिरवायच्या आणि हात जिथे अडेल तिथे खडूने खूण करायच्या. धावदोऱ्याच्या ओळी विरळ पडल्या तर धुतल्यावर कापूस गोळा होऊन एका कडेला सरकतो, म्हणून त्या ओळीही जवळजवळ हव्यात. मात्र दुखऱ्या अंगावर भार पडू नये म्हणून कापसाचा थर पातळच ठेवायचा.

चौकोनावर काय लिहायचे, यावर वर्गात बराच वाद झाला. शौर्याची मोठमोठी वाक्ये भरतकामाने काढावीत, असे पुष्कळांचे म्हणणे होते. बाईंनी फक्त नाव आणि वाटल्यास एखादे छोटे चित्र, एवढीच परवानगी दिली. वेदनेने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला त्याच्या पराक्रमाची आठवण अंथरुणातून सतत करून देऊ नये, असे त्यांचे मत होते, आणि त्या सगळ्या उपक्रमातला मला तोच सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

चांगीच्या गोधड्यांविषयी मी पुढे वाचले, तेव्हा नुसत्या नावाला केवढे मोल असू शकते हे समजले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेले आणि तेथील नागरिकांना चांगी तुरुंगात डांबण्यात आले. स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे ठेवले गेले. एथेल मुलव्हेनी या कॅनेडियन महिलेच्या पुढाकाराने कैदेतल्या स्त्रियांनी गोधड्या शिवल्या. प्रत्येकीने सहा इंचांच्या पांढऱ्या चौकोनावर आपल्या मनातले काहीतरी भरायचे आणि नाव काढायचे. असे ६६ चौकोन जोडून एक गोधडी ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठी आणि एक जपानी जखमींसाठीही तयार झाली. ज्यांची ताटातूट झाली होती, त्यांना गोधडीवरच्या नावावरून आपले माणूस जिवंत असल्याची खूण पटावी, हाही त्यामागचा हेतू होता. ऑस्ट्रेलियन गोधडीच्या मागे, युद्ध संपल्यावर ती ऑस्ट्रेलियन रेड क्रॉसला द्यावी आणि ती ड्रायक्लीन केलेली बरी, अशी सूचना आहे. कैदेत असूनही त्या स्त्रियांनी गोधडी पुढे कशी टिकेल याचा विचार केला, हे वाचताना माझे डोळे भरून आले. ती गोधडी आता कॅनबेरा येथील युद्धस्मारकात जपून ठेवलेली आहे.

आमच्या गोधड्या पोहोचल्यावर रुग्णालयातील एका परिचारिकेचे पत्र आले. आभार मानून झाल्यावर त्यांनी अगदी मोकळेपणाने लिहिले होते की, गोधड्या खाटेसाठी उत्तम आहेत, परंतु चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या जखमींना त्या लांब पडतात आणि त्यांची कड चाकात अडकते. आम्ही खाटेचेच माप धरले होते. बाईंनी ते पत्र वर्गात दोनदा वाचून दाखवले आणि दुसऱ्याच दिवशी गुडघ्यांवर नीट बसतील अशा आखूड गोधड्यांची आखणी फळ्यावर काढली. खालची कड चाकांपासून दूर राहावी म्हणून दोन्ही बाजूंना बांधायला सुती नाड्या लावाव्यात, ही सूचना आमच्याच वर्गातल्या एका मुलीची. त्या नाड्या एका हाताने बांधता येतात का, हे आम्ही वर्गात एकमेकांना खुर्चीत बसवून करून पाहिले.

महोत्सवी वर्षात शाळेने हे काम पुन्हा हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. कापड गोळा करण्यापूर्वी रुग्णालयातील परिचारिकांना पत्र लिहून माप, वजन आणि धुण्याची पद्धत विचारून घ्यावी. शिवणकामाच्या वर्गाला मदतनीस हवा असल्यास दर शनिवारी यायला मी तयार आहे.