आमची वाटचाल: एका ड्रमपासून सुरू झालेलं काम

आमच्या मुलीला व्हॉल्टिंगचं वेड लागलं आणि त्यातून सरावाचे बॅरल बनवायचा हा धंदा उभा राहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घोडा लांब दोरीवर गोल गोल कँटर करत असतो, म्हणजे मध्यम वेगानं दौडत असतो, मधोमध लंजर म्हणजे घोडा फिरवणारा माणूस दोरी धरून उभा असतो आणि मुलं त्या पळत्या घोड्यावर उडी मारून बसतात, गुडघ्यावर येतात, उभी राहतात, गिरकी घेतात, उतरतात. एफईआयनं, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, १९८३ मध्ये या खेळाला मान्यता दिली. पण यातला बराचसा सराव घोड्यावर होतच नाही, कारण एकच चुकलेली उडी पन्नास वेळा पाठीवर आदळली तर घोड्याचं काय होईल, आणि तो बिचारा सांगणार कोणाला. म्हणून बॅरल लागतो, म्हणजे पाय लावलेला, गादी मढवलेला, हातानं धरायला कड्या असलेला ड्रम.

मी फॅब्रिकेशनवाला, त्यामुळे मला वाटलं यात काय एवढं. २०० लिटरचा लोखंडी ड्रम घेतला, पाइपचे चार पाय लावले, वर फोम आणि रेक्झिन. दोन दिवसांत तयार. मुलगी बसली आणि पाचव्या मिनिटाला नडगी चोळत उतरली. ड्रमला मधे ज्या दोन उंच कडा असतात ना, त्या फोममधूनही टोचत होत्या. फ्लॅग नावाचा प्रकार करताना गुडघ्यावर येऊन उजवा पाय मागे, डावा हात पुढे आणि सगळा भार डाव्या नडगीवर, तीही बरोब्बर त्या कडेवर. तेव्हापासून आम्ही आधी कडांच्या मधली खोलगट जागा कडक फोमच्या पट्ट्यांनी भरून सपाट करतो, मग त्यावर बंद पेशींच्या (पटकन न दबणाऱ्या) फोमचा कडक थर आणि सगळ्यात वर मऊ थर. नुसता मऊ फोम जाड लावून चालत नाही, उभं राहताना घोटा डगमगतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, घरी बनवणाऱ्यांनी नीट वाचा. वापरलेल्या ड्रमला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू नका. आत तेलाची, थिनरची वाफ राहिलेली असते आणि ठिणगी पडली की स्फोट होतो, माणसं मेलेली आहेत अशानं. आम्ही आता ड्रमला वेल्डिंगच करत नाही, खाली अर्धगोल पाळणा बनवतो आणि ड्रम त्यात पट्ट्यांनी आवळतो.

मग कड्यांचा विषय. आधी मी सायकलच्या हँडलसारखा एकच आडवा दांडा लावला होता, तो साफ चुकला. खऱ्या सर्सिंगलवर, म्हणजे घोड्याच्या पाठीवरून पोटाभोवती आवळायच्या पट्ट्यावर, दोन वेगळ्या कड्या असतात, घोड्याच्या खांद्याच्या दोन बाजूंना, आणि मिल करताना, म्हणजे बसल्या बसल्या गोल फिरताना, पाय वरून जातो तेव्हा एकेक हात सोडून परत पकडावा लागतो. आडव्या दांड्यावर मनगट वाकडंच पडतं, आणि मुलांना एकदा ती सवय लागली की घोड्यावर गेल्यावर मोडायला महिने जातात. मुलीच्या कोच म्हणाल्या, खरं सर्सिंगलच का नाही बांधत? बांधायला गेलो तर पट्टा पुरेना! ड्रमचा व्यास साधारण ५८ सेंमी, म्हणजे घेर १८२, जवळजवळ घोड्याएवढाच. पण चारी बाजूंनी ५ सेंमी फोम चढवला की घेर २१३ वर जातो. मग पट्ट्याच्या जागी फोम पातळ केला, खालच्या बाजूला तर काढूनच टाकला आणि पाळणा थोडा मागे सरकवला, म्हणजे पट्टा खालून मोकळा फिरतो. आता क्लब आपलंच सर्सिंगल बांधतात, मुलांच्या हाताला तीच कडी, तोच कोन.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पायांनी. चढताना व्हॉल्टर डाव्या बाजूनं कड्यांना धरून स्वतःला वर खेचतो, म्हणजे सगळा ओढा एका बाजूला, बॅरल तिकडेच कलंडणार. म्हणून मी पाय बाहेर फाकवले, भरपूर फाकवले, हत्ती बसला तरी हलणार नाही असे. आणि एक मुलगी उतरताना त्याच पाइपवर पडली, घोटा मुरगळला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पडू नये म्हणून जे केलं त्यावरच पोर पडलं.

मग डाव्या बाजूचे पाय आत घेतले आणि खूश झालो, तर कोचनी मुलीला फ्लॅंक करून दाखवायला लावला, म्हणजे पाय मागून वर झुलवून बाजूला बसायचं आणि पुन्हा झुलून उतरायचं. त्यात शेवटची उतराई वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला असते, म्हणजे उजवीकडे! म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात आणि तरी बॅरल पडता कामा नये. शेवटी पाय जवळजवळ सरळ खाली आणले, अगदी पुढच्या आणि अगदी मागच्या टोकाला जमिनीलगत जाड सपाट पट्टी आडवी टाकली, ड्रमच्या बरोबर खाली वाळूच्या पिशव्या ठेवायला जागा केली. पट्टीवरून मॅट अंथरता येते, पायाला काही लागत नाही. आज आमच्या प्रत्येक बॅरलचं ड्रॉइंग मी जमिनीपासून काढायला घेतो, ड्रम सगळ्यात शेवटी.

मधे हलणारा बॅरलही करून पाहिला, स्प्रिंगवर. जमला नाही. कँटरची उसळी ठरलेल्या तालात येते, मूल तिची वाट बघून त्यावर झोका घेतं, आणि स्प्रिंग नुसती मुलाच्या वजनाला उलट ढकलते, कधीही. चुकीचा ताल शिकवण्यापेक्षा स्थिर बॅरल आणि कोचनं मोठ्यानं मोजलेले आकडे बरे, असं माझं ठाम मत आहे.

आता आम्ही तिघं आहोत. मी लोखंडाचं बघतो, बायको कव्हरं शिवते (तिची शिलाई बॅरलच्या पोटाखाली येते, मांडीला कुठेही शिवण लागत नाही) आणि भाचा उंची कमीजास्त करायच्या पिना नि बोल्ट बघतो. लहान मुलांसाठी बारीक ड्रमचा बॅरल वेगळा करतो, मोठ्या ड्रमवर त्यांचे पाय इतके फाकतात की धड बसताच येत नाही.

माल बाहेर जायच्या आधी मुलगी प्रत्येक बॅरलवर अनवाणी चढते, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा उतरते. पायाला काही लागलं तर बॅरल परत आत.