सॉफ्टवेअरला माझ्या पेशंटची ओळख करून देताना

आमच्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय आली. रुग्णाचं निदान, चालू औषधं, वय आणि मागचे रिपोर्ट बघून ते तपासण्या सुचवणार होतं. मला वाटलं, एक बटण चालू करायचं की झालं. शनिवारची दुपार राखून ठेवली होती. लागले सात आठवडे.

पहिली ठेच एचबीए१सी या मधुमेहाच्या रक्ततपासणीलाच लागली. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्यांना चिकटलेल्या साखरेचा हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. तीन आठवड्यांनी पुन्हा केला तर बहुधा हाती काही नवं लागत नाही. नियम सोपा होता: ९० दिवसांच्या आत कुणी हीच तपासणी लिहिली तर थांबवायचं आणि जुना आकडा समोर ठेवायचा. जिचा रिपोर्ट मी महिन्यापूर्वीच पाहिला होता, अशा एका पेशंटवर नियम करून पाहिला. सॉफ्टवेअर गप्प!

तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की आमच्याकडे ही एकच तपासणी तीन नावांनी साठली होती. एचबीए१सी, ग्लायको एचबी आणि ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन. सॉफ्टवेअरच्या लेखी त्या तीन निरनिराळ्या गोष्टी. लॉइंक नावाची सांकेतिक क्रमांकांची यादी असते, तिच्यातला ४५४८-४ हा क्रमांक तिन्ही नावांना जोडला. तरी एका लॅबचे रिपोर्ट निसटतच होते. ती लॅब टक्क्यांऐवजी दुसऱ्या एककात आकडा देते. आपण ज्याला ७ टक्के म्हणतो, ते तिच्या कागदावर ५३ असतं आणि त्याचा क्रमांकही वेगळा, ५९२६१-८. नियमाला दोन्ही क्रमांक शिकवले तेव्हा कुठे तो बोलायला लागला.

मग निदानांची पाळी आली. इथे दोष माझाच. घाईत मी जे टंकलं होतं ते वाचून लाज वाटली. 'डीएम', 'शुगर', एका ठिकाणी नुसतं 'गोड'. आणि 'मधुमेह?' असं प्रश्नचिन्ह लावून लिहिलेले कितीतरी. मला फक्त शंका होती, पण सॉफ्टवेअरने प्रश्नचिन्ह गिळलं आणि त्या सगळ्यांना मधुमेहाच्या तपासण्या सुचवल्या. आमच्या नर्सताई रोज दुपारी वीस-वीस फाइली घेऊन बसायच्या. हे काम त्यांच्याशिवाय झालं नसतं.

त्याच आठवड्यात एक बाई खोकला घेऊन आल्या. मांडीवर दोन वर्षांचा मुलगा, माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होता. स्क्रीनवर मात्र गरोदरपणातल्या तपासण्यांची यादी उघडली. मी हेल्पलाइनला फोन लावला आणि तणतणले. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, नियम बरोबर आहे. तुमच्या नोंदीत त्या अजून गरोदरच आहेत." पाहिलं तर खरंच. गरोदरपण सुरू झाल्याची तारीख होती, संपल्याची कुणी घातलीच नव्हती.

कंपनीने तयार दिलेले चाळीसेक नियम मी पहिल्या दिवशी सरसकट चालू केले, ही दुसरी चूक. तिसऱ्या दिवसापासून माझं बोट न वाचताच 'पुढे' दाबत होतं. सगळे बंद केले आणि एकेक करून नऊच परत घेतले. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर बरीच वर्षं असलेल्यांना बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी. रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियम. थायरॉक्सिन या थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलून सहा आठवडे झाले नसतील तर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी पुढे ढकलणं. यातला शेवटचा माझा सर्वांत लाडका, कारण तो अडवत नाही. नुसतं विचारतो, "तारीख पुढची टाकू?"

नेहमीचा मोठा पॅनल, म्हणजे एकदम लिहायच्या तपासण्यांचा संच, पहिल्या पानावरून काढला तेव्हा माझे सहकारी डॉक्टर वैतागले. त्यांना कागदावर गणित मांडून दाखवलं. नॉर्मलची मर्यादा बहुधा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसतात. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा लाल होण्याची शक्यता ६४ टक्के. गणित पटलं, वैताग राहिला. "मशीनने मला शिकवायचं?" म्हणून मी प्रत्येक नियमाला 'तरीही करा' ठेवलं, फक्त कारण एका ओळीत लिहायचं.

त्या ओळींनी माझीच शिकवणी घेतली. एचबीए१सीचा नियम डावलून त्या सहकाऱ्यांनी लिहिलं होतं: "मागचं सॅम्पल रक्त चढवल्यावर लगेच घेतलेलं, आकडा खरा नाही." हे मला सुचायला हवं होतं. आता तिथे रक्त चढवल्याची नोंद असेल तर नियम आपणहून बाजूला होतो.

लॅबच्या फॉर्मवर पेशंटच्या आजाराचा आणि औषधांचा संदर्भ जाऊ लागला, हा मोठा फायदा. लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधाची रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी बघतात, ते आता फॉर्मवर छापून येतं. पण पहिल्याच छापील फॉर्मवर साध्या साखरेच्या तपासणीखाली पेशंटचा जुना नैराश्याचा आजारही उमटला होता. मी तो तिथेच फाडला. आता ज्या निदानामुळे तपासणी सुचली, तेवढंच छापलं जातं.

दहावा नियम अजून अडकलाय. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे फसवे येतात. नियम लिहून तयार आहे, पण केस गळतात म्हणून स्वतःच आणलेल्या गोळ्या औषधांच्या यादीत कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नव्हते. म्हणून मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे: "केसांसाठी काही घेता का?"