आमची वाटचाल : पुरावस्तू हाताळायला शिकवताना

सोलापुरात पुरावस्तूंची हाताळणी आणि संग्रहाचे जतन शिकवण्याचे काम आम्ही २०१२ साली सुरू केले, तेव्हा पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना सातवाहनांची वंशावळ मुखोद्गत असे. परंतु धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या संग्रहालयात आहे तशी एखादी मृण्मूर्ती समोर ठेवली, तर ती उचलावी कशी हे त्यांना कोणी शिकवलेले नसे.

सरावासाठी अस्सल पुरावस्तू वापरायच्या नाहीत, हे पहिल्यापासून ठरलेले होते. म्हणून कुंभारवाड्यातील एका जुन्या कारागिरांना, आमच्या सर्वांच्या ‘मामां’ना, आम्ही भागीदार करून घेतले. मामांनी तेरच्या घाटाची भांडी घडवली आणि काही भांड्यांचे कान मुद्दाम कच्चे जोडले. कानाला धरून उचलणाऱ्याच्या हातात कान राहतो आणि भांडे इथाफोमच्या, म्हणजे धक्का शोषणाऱ्या फोमच्या, ट्रेमध्ये पडते. ‘‘पोरी, बुडाखाली हात घाल, कानावर विश्वास ठेवू नको,’’ हे मामांचे वाक्य आमच्या विद्यार्थिनी आजही एकमेकींना ऐकवतात. मामांशिवाय हा अभ्यासक्रम उभाच राहिला नसता.

तो कोसळायची वेळ मात्र आमच्याकडेच शिकलेल्या एका गृहस्थांमुळे आली. त्यांनी स्वतःचा वर्ग काढला, आमच्या टिपणांवर स्वतःचे नाव घातले, मामांच्या भांड्यांची छायाचित्रे माहितीपत्रकात छापली आणि निम्म्या शुल्कात प्रमाणपत्र देऊ केले. त्यांच्या वर्गात विद्यार्थी पडद्यावरची चित्रे पाहत आणि दुपारी घरी जात. आमचे वर्षाचे निम्मे उत्पन्न ज्या संस्थेकडून येत असे, तिने त्यांच्याशी करार केला. आम्हाला साधे पत्रही आले नाही. जागेचे भाडे थकले, दोन शिक्षक सोडून गेले. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागप्रमुख बाईंनी तेव्हाही आपली तुकडी आमच्याकडेच पाठवली आणि शुल्क आगाऊ भरले. ‘‘सर, माझ्या मुलांच्या हातांना सवय लागली पाहिजे, कागद नको,’’ असे त्या म्हणाल्या. आम्ही तरलो ते त्यांच्यामुळे.

पुढे एका पावसाळ्यात त्या संस्थेतील तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी धरली आणि बोलावणे आम्हालाच आले. नाणी कापसात गुंडाळून साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलेली होती. धातूतील क्लोराईडला दमट हवा मिळाली की हा रोग बळावतो. त्यामुळे अशी नाणी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राखून ठेवावी लागतात. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून जूननंतर गाफील राहता येत नाही, हे आमच्या पहिल्याच धड्यात आहे. त्या गृहस्थांनी नेलेल्या टिपणांतही ते होतेच.

त्यानंतर काम सुरळीत चालू आहे.

गावोगावी लहान संग्रह सांभाळणाऱ्यांनी एवढे करावे. वस्तू उचलण्याआधी ती ठेवायची जागा मोकळी करावी. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ उतरवावे. धातूसाठी नायट्राईलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालावेत, पण गुळगुळीत चिनी मातीला सुती हातमोज्यांनी धरू नये, ती निसटते. टेबलावर पेन आणू नये, पेन्सिलच वापरावी. खापरावर क्रमांक आतल्या बाजूस घालावा, तुटलेल्या कडेवर कधीही नाही. खाली पॅरालॉईड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर, त्यावर शाई, शाई वाळल्यावर पुन्हा थर, म्हणजे पुढे कोणाला क्रमांक बदलायचा झाल्यास ॲसिटोनने तो पुसता येतो.