दम मोजायला दोन शर्यती लागतात
१० किमी ५० मिनिटांत धावणारे दोन जण घ्या. हाफ मॅरेथॉनला (२१.०९७५ किमी) एकाला १ तास ५० मिनिटं लागतात, दुसऱ्याला १ तास ५७. वेग सारखाच, दुसऱ्याचा दम कमी. पण किती कमी?

पीट रीगल या अमेरिकी इंजिनिअरने १९७७ साली मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडतं. अंतर ज्या पटीत वाढतं, त्या पटीचा १.०६ वा घात घेतला की वेळ किती पट होईल ते कळतं. बहुतेक लोक यावरून पुढच्या शर्यतीचं टायमिंग काढतात. मला त्यापेक्षा सूत्र उलटं चालवणं जास्त कामाचं वाटतं: दोन्ही वेळा माहीत असताना घातांक काढायचा. वेळांच्या गुणोत्तराचा लॉग (कॅल्क्युलेटरवरचं log बटण) भागिले अंतरांच्या गुणोत्तराचा लॉग, बस. दोन्ही वेळा आधी एकाच एककात, मिनिटांत किंवा सेकंदांत, करून घ्या.

दुसऱ्या धावपटूचं गणित असं: ११७ भागिले ५० म्हणजे २.३४, २१.०९७५ भागिले १० म्हणजे २.११. दोन्हींचे लॉग घेऊन भागाकार केला की १.१४ येतं. पहिल्याचा घातांक १.०६. फरक किरकोळ दिसतो, पण अंतर दुप्पट झालं की पहिल्याचा पेस (दर किलोमीटरची गती) ४ टक्क्यांनी उतरतो आणि दुसऱ्याचा १० टक्क्यांनी. हाच कल मॅरेथॉनपर्यंत ताणला तर पहिला ३ तास ५० मिनिटांच्या (३:५०) आसपास, दुसरा ४:१८ च्या.

तुलनेला एक टोक: युगांडाचा धावपटू जोशुआ चेप्टेगेईने २०२० मध्ये दोन महिन्यांच्या आत ५,००० मीटर १२ मिनिटं ३५.३६ सेकंदांत आणि १०,००० मीटर २६ मिनिटं ११.०० सेकंदांत धावून दोन्ही विश्वविक्रम केले. घातांक १.०५६. म्हणजे आपला पहिला धावपटू दमाच्या बाबतीत त्याच्याच पंगतीत! घातांक वेगाबद्दल काहीच बोलत नाही, हे यावरून लक्षात यावं.

म्हणून कमी आकडा आला की लगेच खूश होऊ नका. १.०२ किंवा १.०३ आला तर बहुधा छोटी शर्यत जीव तोडून धावलेली नसते.

गफलत मुख्यतः वेळा निवडताना होते. घड्याळातलं जीपीएस अंतर नको; मोजलेला मार्ग आणि चिप टाइम (धावपटूला लावलेल्या चिपने नोंदलेली वेळ) घ्या. दोन शर्यती सहा-आठ आठवड्यांच्या आत, शक्यतो सारख्या हवामानात आणि सारख्या चढ-उताराच्या असाव्यात. गारव्यातली १० किमी आणि उकाड्यातली हाफ यांतून निघतो तो उकाड्याचा घातांक. अंतरंही फार जवळची नकोत. २४ मिनिटांच्या ५ किमीत १० सेकंदांची चूक झाली, तर ५ आणि १० किमीच्या जोडीत घातांक ०.०१ ने हलतो. १० किमी आणि मॅरेथॉनच्या जोडीत तेवढ्याच टक्क्यांची चूक त्याच्या निम्म्यानेच हलवते.

मात्र मॅरेथॉन घेतली की दुसरी भानगड. रीगलचं सूत्र साधारण साडेतीन ते २३० मिनिटांच्या शर्यतींसाठी आहे. ३:५० च्या पुढे त्याचा भरवसा कमी. शिवाय ३० किमीनंतर ग्लायकोजेन (स्नायूंत साठलेलं इंधन) संपून पाय जड झाले असतील, तर तो आकडा दमापेक्षा खाण्यापिण्याच्या आणि सुरुवातीच्या घाईच्या चुका जास्त दाखवतो. आधी स्प्लिट (टप्प्याटप्प्याच्या वेळा) बघा. १० किमी ते हाफ १.०६ आणि हाफ ते मॅरेथॉन १.१५ असेल, तर लाँग रन, जेल (धावताना घ्यायचं साखरेचं खाणं) आणि पहिल्या १० किमीचा पेस तपासा. १० किमी ते हाफमध्येच १.१२ च्या वर असेल, तर इंटरव्हल (मधे विश्रांती घेत जोरात धावायचे छोटे तुकडे) वाढवून फारसा उपयोग नाही. आठवड्याचे सावकाश किलोमीटर आणि टेम्पो रन (न थांबता बऱ्यापैकी जोरात धावणं) वाढवा, आणि दोन-तीन महिन्यांनी हीच जोडी पुन्हा धावा.