पाय नव्हे, पाइप

मे महिन्यात बाबांचे पाय लुळे पडले, चार दिवसांत हात, मग श्वास. गीयाँ-बारे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार. खानापूरहून बेळगावला नेलं, तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटर लावला. दोन आठवडे झाले तरी सुटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गळ्याला भोक पाडून नळी बसवू. तोंडातली फार दिवस ठेवली तर स्वरयंत्राला इजा होते. आईनं ऐकलं ते एवढंच : गळा कापणार.

डॉक्टरांनी तिला विचारलं, शेतात मोटर आहे ना? सक्शन पाइपात कडी नसली तर ओढताना तो चपटा होतो. श्वासनळीलाही तशाच कूर्चेच्या, म्हणजे लवचीक हाडाच्या, सोळा ते वीस कड्या असतात, फक्त मागून उघड्या, घोड्याच्या नालेसारख्या. मागे अन्ननलिका असते, घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. भोक साधारण दुसऱ्या-तिसऱ्या कडीपाशी. आई गप्प झाली. मी सही केली.

नळी बसली आणि आवाज गेला, कारण हवा स्वरयंत्राच्या खालूनच ये-जा करू लागली. बाबा नुसते ओठ हलवायचे. ‘पाय’ एवढं कळायचं. आम्ही पाय चेपायचो. ते डोळे वटारायचे.

व्हेंटिलेटर सुटल्यावर नळीसकट घरी सोडलं. कफ कसा ओढायचा हे शिकवायला कुणाला वेळ नव्हता; ‘नर्स ठेवा’ म्हणाले. खेड्यात कुठली नर्स? शेवटी वॉर्डातल्या एका कन्नड सिस्टरनं आपणहून शिकवलं. सक्शनची नळी आत घालताना तूही श्वास रोखून धर, तुला दम लागायच्या आत बाहेर काढ. दहा सेकंदं, बस्स. बाबांना म्हणायची, “केम्मरी अज्जा, केम्मरी,” खोका म्हणून.

जुलैत पावसानं रात्रीची वीज गेली. मशीन बंद, पायानं दाबायचा पंप होता पण कफ हलेना. नाकातून न येणारी हवा कोरडीच राहते, कफ वाळून चिकटतो. बाबांच्या गळ्याशी शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मग आठवलं, नळीच्या आत दुसरी नळी आहे. ती फिरवून काढली. आत डिंकासारखा गोळा. शिट्टी थांबली. धुवून परत बसवताना मात्र माझे हात थरथरत होते.

पुढं ऑगस्टात नळी निघाली, भोक आपोआप मिटलं. ते सोपंच गेलं. त्याआधी तपासणीला नेलं तेव्हा लहान नळी घातली होती, हवा वर जाऊ न देणारा फुगा तिच्याभोवती नव्हता. डॉक्टरांनी तिच्या तोंडावर बोट ठेवलं, म्हणाले, आता बोला.

“पाय नव्हं रे, पाइप! नदीवरचा पाइप काढलास काय?”

मोटर काढली होती. पाइप मलप्रभेनं कधीच नेला होता.