तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री राहता कुठे, जेवता कुणाकडे?

‘गावोगाव फिरता ते कळलं, पण रात्री राहता कुठे? जेवता कुणाकडे?’ एसटीत शेजारी बसलेले विचारतात, शाळेचे गुरुजी विचारतात, आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, कॉलेजची पोरं विचारतात. मी कुठल्यातरी लॉजचं नाव घेईन असं बहुतेकांना वाटत असावं. मी सुवार्तिक आहे, म्हणजे येशू ख्रिस्ताची गोष्ट सांगत फिरणारा माणूस. नेवासा, शेवगाव, पाथर्डी, राहुरी हा माझा पट्टा. एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी हा कागद पुढे करता येईल.

राहायचं उत्तर सोपं आहे. मुक्कामी गाडी जिथे थांबते तिथे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तालुक्याहून संध्याकाळी सुटलेली शेवटची एसटी रात्री गावात पोचते, तिथेच झोपते आणि पहाटे पहिल्या फेरीला निघते. चालक आणि वाहक गाडीतच किंवा मारुतीच्या देवळात पथारी टाकतात. त्या गाडीतून उतरलेल्या माणसाला सकाळपर्यंत परतीची वाट नसते. हे गावालाही ठाऊक असतं. मोटारसायकलवरून आलेल्या माणसाला ‘चहा घेऊन जा’ म्हणतात, मुक्कामी गाडीतून उतरलेल्याला ‘जेवलात का?’ विचारतात. एवढ्याचसाठी मी अजून मोटारसायकल घेतलेली नाही. पोरगा म्हणतो, बाबांना चालवता येत नाही म्हणून हे तत्त्वज्ञान. त्याचंही खरं आहे.

पण यामागे एक जुनी सूचनाही आहे. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या माणसांना दोघेदोघे करून पुढच्या गावांना पाठवतो. त्या सूचना नीट वाचल्या तर बोलायचं काय याबद्दल फार थोडं आहे, राहण्याजेवण्याबद्दल बरंच आहे. थैली नको, झोळी नको, वहाणाही नकोत. ज्या घरात जाल तिथे आधी घराला शांती द्या. वाढतील ते खा. त्याच घरी राहा, घरं बदलत फिरू नका. ही शेवटची सूचना मला फार आवडते. पहिल्या रात्री गरिबाघरचं पिठलं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या वाड्यावरून कोंबडीचं आवतण आलं की भल्याभल्यांचे पाय कसे वळतात, ते मी पाहिलं आहे. दुसऱ्यांचे. माझ्या पायांबद्दल मी काही लिहिणार नाही.

आपल्याकडे खांद्याला झोळी दिसली की लोक ओळखतात, माणूस देवाच्या वाटेचा आहे. इथे तर झोळीलाच बंदी. म्हणजे दारोदार फिरून गोळा करायचं नाही, साठवायचं नाही. एका घरासमोर उभं राहायचं आणि त्यांनी ‘या’ म्हणण्याची वाट पाहायची. नाही म्हणाले तर पुढे. सांगायला आलेला माणूस आधी भुकेला असतो, त्याची रात्र त्यांच्या हातात असते, हे मला त्या सूचनांमागचं शहाणपण वाटतं. एसी गाडीतून स्पीकर घेऊन येणारे, संध्याकाळी मैदानात सभा घेऊन रात्री तालुक्याच्या हॉटेलात परतणारे आमचेच काही लोक आहेत. त्यांची सभा मोठी होते. पण गावाने त्यांना काही दिलेलं नसतं, आणि ज्याला आपण काही दिलं नाही त्याचं आपण काय म्हणून ऐकावं?

मिशनच्या इतिहासातही ही दोन्ही तऱ्हांची माणसं आहेत. १८१३ साली मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर गेले होते. तिथे पटकी पसरलेली होती. परतताना त्यांनाच तिने गाठलं आणि वाटेतल्या एका गावात, देवळाच्या ओसरीवर त्यांचा अंत झाला. देवळाच्या ओसरीवर पथारी टाकताना मला कधीकधी त्यांची आठवण येते, आणि नगरच्या कडाक्याच्या थंडीत मी जास्तीचं पांघरूण काढतो. १८३१ मध्ये अहमदनगरला मिशनचं ठाणं सुरू झाल्यावर मात्र फिरतीचा थाट बदलत गेला. थंडीचे महिने, बैलगाड्या, तंबू, बरोबर स्वयंपाकी. साहेबाला गावातल्या कुणाच्या ताटाची गरज उरली नाही. गरज होती ती त्यांच्याबरोबरच्या देशी उपदेशकाला, आणि त्याला जेवण मिळे ते महारवाड्यात किंवा मांगवाड्यात, कारण बहुतेक वेळा तो तिथलाच. एकदा का तिथे जेवला की वरच्या आळीची दारं त्याला बंद. ज्याच्या घरी जेवलात त्याचे तुम्ही झालात, हा गावाचा कायदा.

त्याच काळातलं आमच्या नगरचं मोठं घर म्हणजे टिळकांचं. जन्माने ब्राह्मण असलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांबद्दल लक्ष्मीबाईंनी जे लिहून ठेवलं आहे ते वाचताना मला वाटतं, की नवरा-बायकोतला खरा डोंगर देव कुठला हा नव्हताच. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा होता.

तो डोंगर झिजला आहे, गेलेला नाही. ओट्यावर टेकलं की पहिला प्रश्न येतो, ‘पाहुणे, नाव काय?’ मग आडनाव. माझं आडनाव चार जातींत सापडतं, त्यामुळे काम भागत नाही. मग ‘मूळ गाव कोणतं?’ आणि मग, ‘त्या गावात कोणत्या आळीला?’ मी सरळ सांगतो. पूर्वी त्यानंतर चहाची कपबशी बदलून यायची, कान तुटलेली, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेली. आता सगळ्यांनाच कागदी कप. कागदी कपाने बऱ्याच लोकांची लाज राखली, देणाऱ्यांचीही आणि घेणाऱ्यांचीही. आता मनात काय आहे ते चहावरून कळत नाही, जेवायला थांबवतात का यावरून कळतं.

आणि थांबवतात. पुष्कळ घरं थांबवतात. हे मी मुद्दाम लिहितो, कारण विचारणाऱ्यांच्या मनात असतं की याला ख्रिस्ती घरंच जेवू घालत असतील. माझ्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत ख्रिस्ती घर एकही नाही. तिथे मला कुणी वाढलं? माळकऱ्यांनी वाढलं आहे. त्यांच्याकडे पान शुद्ध शाकाहारी, जेवणाआधी हरिनाम, आणि मग ‘आता तुमच्या देवाचं म्हणा’ असा आग्रह. एकादशीला मुक्काम पडला तर मलाही वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, तक्रार नाही. बौद्ध घरांत ‘जय भीम’ने स्वागत होतं, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी येते आणि त्यामागोमाग वादही येतो. एका आजोबांनी मला ऐकवलं, ‘मास्तर, आम्ही छप्पन साली एवढे सगळे देव सोडले आणि तुम्ही आता आणखी एक घेऊन आलात?’ रात्री उशिरापर्यंत आम्ही भांडलो. सकाळी त्यांनीच गाडीपर्यंत पिशवी आणून दिली. मास्तर का, तर मिशनचा शिक्षक आणि उपदेशक पूर्वी एकच माणूस असायचा. शाळा गेल्या, हाक राहिली.

खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नाहीत, हा माझा एकच नियम. ज्या घरात जेवलो त्या घरच्या देव्हाऱ्याबद्दल मी वाकडा शब्द बोलत नाही. आमच्यातल्या काहींना हे पचत नाही. त्यांचं म्हणणं, सत्य सांगायचं तर स्पष्ट सांगावं. सांगावं की. पण ताट पुढ्यात असताना सांगायचं नसतं.

प्रसादाचा प्रश्न याच्याही पुढचा. सप्ताह चालू असलेल्या गावात उतरलं की काल्याच्या दिवशी सगळं गाव पंगतीला, त्यातून सुटका नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलं आहे, कुणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते चौकशी न करता खा. पण हे देवाला दाखवलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. मी पंगतीला बसतो. वाढप्याने न बोलता वाढलं तर खातो. ‘मास्तर, प्रसाद आहे बरं का’ असं कुणी मुद्दाम तोंडाकडे बघत म्हणालं, की नमस्कार करून उठतो. यावर आमचे एक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, माझ्याशी वर्षानुवर्षं वाद घालत आहेत. ते पंगतीलाच बसत नाहीत. पण त्यांना मुक्कामही करावा लागत नाही.

एका ठिकाणी मात्र मी लूकची सूचना पाळत नाही, आणि पाळणार नाही. ऊसतोडीच्या कोप्यांवर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी, शेवगाव आणि बीडकडच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि ती उचल फिटेपर्यंत फडात राबायचं. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या. बाई पहाटे अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या वाहते, गाडी भरायला रात्री उशिरा आली तर तेव्हाही उभी राहते. अशा बाईच्या चुलीपुढे मी रात्री आठ वाजता ‘वाढतील ते खा’ म्हणून जाऊन बसायचं? माझी एक भाकरी म्हणजे तिची तेवढी झोप कमी. म्हणून तिथे जाताना मी पीठ, लसूण आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जातो. थैली नको म्हटलं होतं, तरी घेतो. प्रभूला ऊसतोड माहीत असती तर त्याने हे वगळलं असतं, असं मी एकदा उपासनेत म्हणालो तर म्हातारे रागावले.

बायका ते पीठ घेतात आणि वरून म्हणतात, ‘आता कशाला आणलं, पाहुण्याकडनं पीठ घेत्यात का?’ मग भाकऱ्या होईपर्यंत मी पोरं सांभाळतो, लसूण सोलतो. खरं काम जेवणानंतरचं. कुणीतरी कोपीतून वही आणतो. त्यात उचल किती, खाडे किती, टन किती, मध्ये किराण्याला घेतले ते किती. ‘मास्तर, हे जरा वाचा.’ मी वाचतो, बेरजा तपासतो, वजनाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून देतो. कोप्यांवर मी पवित्र शास्त्रापेक्षा हिशेबाच्या वह्या जास्त वाचल्या असतील. त्यानंतर कुणी म्हणालं की आता तुमचं ते गाणं म्हणा, तर एखादं भजन, एक प्रार्थना. बहुतेक जण तोवर झोपलेले असतात. झोपू दे.

गेल्या काही वर्षांत मुक्कामाचं अवघड झालं आहे, ते वेगळ्याच कारणाने. एखाद्या गावात चार पोरं येतात, मोबाइल समोर धरतात, ‘धर्मांतर करायला आलात का?’ विचारतात, आधार कार्ड मागतात. मी दाखवतो. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं, हेही मीच त्यांना सांगतो. मारामारी माझ्या वाट्याला आलेली नाही. माझं काय, मी पहाटेच्या गाडीने जातो. पण ज्या घराने मला जेवू घातलं त्यांना तिथेच राहायचं असतं. मी गेल्यावर त्यांची चौकशी होते, दुकानदार उधारी बंद करतो, हे मला उशिरा कळतं. म्हणून आता ‘या’ म्हणणाऱ्या माणसालाही मी आधी विचारतो, तुम्हाला त्रास होणार नाही ना? विचारताना मला वाईट वाटतं आणि त्यांना अपमान वाटतो. तरी विचारतो. याच कारणाने कुठल्या गावात कुणाकडे राहिलो, ते मी लिहून ठेवत नाही आणि इथेही लिहिणार नाही.

त्या पोरांचा संशय सगळाच हवेतला नाही, हेही खरं. प्रार्थना करा, कॅन्सर जाईल, पोरगं होईल, असं सांगत फिरणारे आमच्यात आहेत. माझ्यापुढे आजारी माणूस आणला तर मी प्रार्थना करतो आणि सकाळी त्याच्या घरच्यांना सरकारी दवाखान्याची गाडी किती वाजता आहे ते सांगतो. दवाखाना सोडा असं मी कुणालाही म्हटलेलं नाही.

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, मग पैसे? टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले आणि संन्यस्त वृत्तीने राहिले. ते टिळक होते. मला मंडळी थोडं मानधन देते. कापणीच्या सणाला लोकांनी वाहिलेल्या ज्वारीचा, भोपळ्यांचा, कोंबड्यांचा लिलाव होतो, त्यातलाही वाटा येतो. एकदा बोकड आला होता, तो एसटीत चढवू दिला नाही. बाकी घर चालतं ते बायकोच्या पगारावर. ती नर्स आहे. माझ्याबरोबर फिरतीला आली की तिला अर्धं तिकीट आणि मला पूर्ण, यावरूनही ती बोलून घेते. बाहेर मी वाढतील ते खातो हे तिला माहीत आहे, त्यामुळे घरी भाजीला नाव ठेवायची सोय राहिलेली नाही.