चारशे तीन वजा एकशे सव्वीस

पेपर तपासताना बरोबर उत्तरांवर मी रेंगाळत नाही. टिक करायची आणि पुढं जायचं. चुकलेली उत्तरं मात्र सावकाश वाचतो, कारण पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते तिथंच सापडतं. चौथीची घटक चाचणी होती आणि त्यात ४०३ − १२६ हे उदाहरण घातलं होतं. मधलं शून्य मुद्दामच. तिघांचं उत्तर ३२३ आलं, एकाचं ३७७. एका मुलीनं उदाहरण वळणदार अक्षरात उतरवून घेतलं होतं, खाली पट्टीनं रेघ मारली होती आणि रेघेखाली काहीच लिहिलं नव्हतं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. सोबतच्या मॅडमनी पेपर चाळले आणि म्हणाल्या, "तिघांचं एकच चुकीचं उत्तर? कॉपी केली असणार." शंका रास्त होती. पण एक जण दाराशी बसला होता, दुसरा खिडकीपाशी, तिसरा पार मागं. शिवाय एकाच्याही पेपरात खाडाखोड नव्हती. ज्याला आपलं चुकतंय असं वाटतं ते पोर खोडरबर घासून कागद फाडतं. हे तिघं अगदी खात्रीनं चुकले होते.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले नाहीत. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर तिघांतल्या एकाला व्हरांड्यात बोलावलं आणि हातात पाटी दिली. "हे कसं केलंस ते मला शिकव." 'चुकलं' हा शब्द मी तोंडातून काढला नाही. तो ऐकला की पोरं गप्प होतात किंवा घाईघाईनं पुसायला लागतात.

तो म्हणाला, "तीनातून सहा जात नाहीत ना सर. मग सहातून तीन घालवले. राहिले तीन. शून्यातून दोन जात नाहीत, मग दोनातून शून्य. चारातून एक गेला, तीन."

"असं उलटं करायचं?"

"मोठ्यातून लहान घालवायचं असतं."

आता यात त्याचा काय दोष? पहिलीत हे वाक्य प्रत्येक वर्गात सांगितलं जातं, आणि एक अंकी संख्या असतात तोवर ते चालूनही जातं. पोरानं नियम मोडला नव्हता, उलट एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरात तो इमानदारीनं पाळला होता. मी एवढंच म्हटलं, "बरं, तुझे राहिलेले ३२३ आणि घालवलेले १२६, परत एकत्र कर बघू." त्यानं मिळवले. ४४९. बराच वेळ पाटीकडं बघत बसला. मग वरच्या ४०३ वर बोट ठेवून मलाच विचारलं, "हे वाढले कसे?"

तो प्रश्न त्यालाच पडला हे फार बरं झालं. मी विचारला असता तर त्यानं गुमान पाटी पुसली असती.

३७७ वाल्याची गोष्ट वेगळी. हातचा घ्यायचा हे त्याला ठाऊक होतं. तीनाचे तेरा केले, शून्याचे नऊ केले, पण शतकातल्या चाराला हात लावलाच नाही. पेपरात दोघांनाही शून्य गुण. एकाला दशक म्हणजे काय इथपासून सुरुवात हवी होती, तर दुसऱ्याला एका पायरीची आठवण पुरली असती. गुणांच्या रकान्यात हा फरक कुठून दिसणार?

दुपारी काड्यांची पेटी काढली. दहादहाचे जुडगे, असे दहा जुडगे बांधून शंभराचा गठ्ठा. मध्ये चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या ठेवल्या. "यातल्या एकशे सव्वीस मला द्या." पोरं अडली. तीनच सुट्ट्या, सहा कुठून आणायच्या? एकानं तर शेजारच्या पेटीतून तीन काढायला हात घातला.

तेवढ्यात कोऱ्या रेघेवाली मुलगी मागून म्हणाली, "सर, मोळी सोडा की."

तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिसरीचं निम्मं वर्ष ती फडातच होती आणि हातच्याची वजाबाकी इथं शिकवून झाली ती नेमकी त्याच काळात. ती पुढं आली, गठ्ठा सोडला, त्यातला एक जुडगा सोडला आणि मोजून माझ्या हातात एकशे सव्वीस काड्या ठेवल्या. उरल्या २७७. वर म्हणते, "पण मोळीत दहा नसतात सर, लई असतात."

कागदावर मात्र तिला हे लगेच जमलं नाही. मधलं शून्य आलं की पेन्सिल थांबायची. काड्या ठेवल्या की पुन्हा सुरळीत.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तिसरी-चौथीला आकारिकला, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाला ६० गुण, आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला ४०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम अशी आकारिकची साधनं त्यात दिलेली आहेत आणि कल्पना उत्तमच आहे. पण सत्र संपत आलं की व्हॉट्सअॅपवर तयार वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ फिरते आणि 'संख्यांवरील क्रिया अचूक करतो' हे वाक्य निम्म्या वर्गाच्या नावापुढं जाऊन बसतं. मी मूल्यमापनाच्या नोंदवहीत त्या दिवशीची नोंद तारखेसह केली: मोठ्यातून लहान घालवतो, पडताळा दिल्यावर स्वतः थांबला. साहेब तपासणीला आले तर वाचोत न वाचोत, मला पुढच्या महिन्यात ती लागणार होती.

लेखी पेपर नकोच, नुसत्या गप्पांवर भागतं असं म्हणणारेही भेटतात. मला नाही पटत. तोंडी विचारलं की वर्गातले चारपाच हुशार आधी ओरडतात आणि बाकीचे त्यांच्या सुरात सूर मिसळतात. ते तिघं एकसारखे चुकतात हे पेपर घेतला म्हणून कळलं. का चुकतात ते पेपर सांगू शकला नाही.

दिवाळीनंतर ती मुलगी आईवडिलांबरोबर निघाली. गाव सोडून जाणाऱ्या मुलांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, सोबत वहीचं एक पान जोडलं. तिकडच्या ज्या कुणा गुरुजींच्या वर्गात ती बसेल त्यांच्यासाठी लिहिलं: "वजाबाकी काड्यांवर येते. कागदावर मध्ये शून्य आलं की अडते. काड्या देऊन मग लिहायला लावा." खाली माझा नंबर.

जानेवारीत सांगलीकडून एका बाईंचा फोन आला. "सर, शून्याचं सुटलं. आता भागाकारात अडलीय, तिथं तुम्ही काय करता?"